सेलसने वर केलेला हात

२२ मार्च, शुक्रवार

काल सेलसला पुरलं. वारा खूप होता. कबरीवरच्या तंबूची एक दोरी सुटली आणि रेव्हरंड मेबन बोलत होते तोवर फडफडत राहिली. मी सगळा वेळ त्या दोरीकडेच बघत होतो.

ही वही रोंडाने दिली. टल्साला परत निघताना टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डॅड, तुम्ही बोलणार नाही, मला माहितेय. मग लिहा तरी." तीस वर्षं रस्तेखात्यात मोजणीच्या वह्या लिहिल्या. तारीख, हवा, अंतर, उंची. तसं लिहीन म्हणालो.

हवा — स्वच्छ. वारा वायव्येचा.

२३ मार्च, शनिवार

फ्रिजमध्ये सात भांडी आहेत. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर ते आणून देणाऱ्या चर्चमधल्या बाईचं नाव. तीन मॅकरोनी-चीज, दोन कोबीची भाजी, एक कोंबडी, एक रताळ्याची गोड पाई. चव कशालाच नाही. भूक मात्र वेळेवर लागते — हे विशेष.

२४ मार्च, रविवार

चार वाजता फोनजवळ बसलो. सवय.

अकरा वर्षं तो रविवारी चारला फोन करायचा. कुठल्याही गावात असला तरी. आमचं बोलणं कधी पाच मिनिटांपलीकडे गेलं नाही.

"काय चाललंय, डॅड?"

"काही नाही. गवत कापलं."

"बरं. काल जिंकलो. मी पाच जणांना पाडलं."

"लागलं नाही ना?"

"भिंतीला लागलं असेल!" मग हसायचा.

"अजून किती दिवस हे?"

"यंदा शेवटचं."

हे "यंदा शेवटचं" मी नऊ वेळा तरी ऐकलं.

२६ मार्च, मंगळवार

घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो. एकदाच.

मंगळवार, १२ मार्च. हचिन्सनमध्ये टीम ज्या मोटेलात राहते तिथल्या कपडे धुवायच्या खोलीत सेलस खाली पडला. मशीनमधून टॉवेल काढत होता. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. वय चौतीस. खेळामुळे झालं का, हे सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाल्या. उगाच होय म्हणाल्या नाहीत, उगाच नाही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मला त्यांचा राग नाही.

त्याला तिथून विचिटाच्या हॉस्पिटलात नेलं. त्याच्या टीममधला जार्विस बूकर बरोबर गेला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तो भिंतीजवळच्या खुर्चीत होता. मोठा माणूस, लहान खुर्ची. तीन दिवस तिथून हलला नाही.

शुक्रवारी डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं. आता फक्त मशीन श्वास घेतंय, म्हणाल्या. सेलसचं लग्न झालेलं नाही, त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे ठरवायचं मी. रोंडाला फोन केला. "तुम्ही ठरवाल ते, डॅड," म्हणाली आणि फोन ठेवला नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी मी सही केली. पेन चालत नव्हतं, नर्सने तिचं दिलं.

दोन पंचवीसला नळी काढली.

त्यानंतर, साधारण चार मिनिटांनी, सेलसने उजवा हात वर केला.

खांद्यापासून. सरळ. पंजा उघडा.

डॉक्टर लगेच म्हणाल्या, "हे होतं कधीकधी, मिस्टर टॉलिव्हर. पाठीच्या कण्यातून येतं. तो करत नाहीये." मी ऐकलं. कळलंही. तरी मी तो हात धरला आणि खाली दाबला. गादीपर्यंत. का, ते माहीत नाही.

मान वर केली तर जार्विस पलंगाच्या पायथ्याशी उभा होता आणि माझ्या मुलाकडे बोट दाखवत होता. हात लांब करून, नेम धरल्यासारखा! मी म्हणालो, "बाहेर हो." दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो. तो गेला.

दोन एक्केचाळीसला सगळं संपलं.

हाताबद्दल रोंडाला सांगितलेलं नाही.

२७ मार्च, बुधवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. नव्हे, राहिली नाही, लिहिली नाही.

सेलस कॉलेजात असताना दोन उन्हाळे माझ्याबरोबर रस्त्यावर काम करायचा. तो लांब मोजणीची पट्टी धरून उभा, मी दुर्बिणीशी. ट्रकच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. सगळं हातांनी. मी उजवा हात सरळ वर केला, पंजा उघडा, की अर्थ एकच.

थांब. हलू नकोस.

दोन उन्हाळे रोज शंभर वेळा तरी केलं असेल.

सही दोन दहाची. हात दोन एकोणतीसचा.

३१ मार्च, रविवार

ईस्टर. चर्चला गेलो. टाय बांधला. चारला फोनजवळ बसलो नाही, बाहेर जाऊन गाडी धुतली. स्वच्छच होती.

५ एप्रिल, शुक्रवार

मोटेलमधून सेलसचं सामान आलं. टीमचे मालक मिस्टर ड्रेनन स्वतः घेऊन आले. टायरचं दुकान आहे त्यांचं. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. "जार्विसने बांधलंय सगळं. तोच आणणार होता, पण... तुम्हाला आवडेल की नाही, म्हणाला."  मग म्हणाले, "सर, १८ मेच्या सामन्यात आम्ही सेलसचा नंबर भिंतीवर लावणार आहोत. कायमचा. तुम्ही यावं."

बघतो म्हणालो. म्हणजे नाही.

दोन खोकी आणि एक मोठी पिशवी. पिशवीला घामाचा वास आहे. ती गॅरेजमध्ये ठेवली.

६ एप्रिल, शनिवार

पहिलं खोकं उघडलं. जर्सी सात. सात टीम, सगळ्यांवर ५२. त्यातल्या चार टीम आता नाहीतच. एक तर सीझनच्या मध्यात बंद पडली होती, आयडाहोत. सकाळी सराव झाला, दुपारी मैदानाला कुलूप. सेलस हेल्मेट मांडीवर घेऊन बसने घरी आला होता. एकवीस तास. दारात उभा राहून म्हणाला, "डॅड, मला काढलं नाही हं! टीमलाच काढलं!" आणि पोट धरून हसला. मी म्हणालो, रस्तेखात्यात जागा आहे. "बघतो," म्हणाला. म्हणजे नाही. हे कुठून शिकला ते आत्ता लिहिताना कळलं.

जर्सी धुतल्या, घड्या घातल्या.

९ एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या खोक्यात त्याच्या वह्या. अक्षर माझ्यासारखं आहे. मला माहीत नव्हतं.

प्रत्येक पानावर मैदान काढलेलं. पट्टीने. लांबी पन्नास यार्ड, रुंदी अठ्ठावीस. प्रमाण बरोबर — मी मोजून पाहिलं. हॉकीच्या बर्फावर हिरवा गालिचा टाकून खेळतात तो, हाताने चेंडू फेकायचा फुटबॉल. उघड्यावरच्या मैदानाच्या अर्ध्या लांबीचं, चारही बाजूंनी गाद्या लावलेली भिंत. बाहेर जायला जागाच नाही.

त्यात त्याने स्वतःची जागा गोलात दाखवलेली. बचावाच्या पुढच्या फळीमागे दोघे उभे असतात. तो आणि एक दुसरा. दोघांभोवती तुटक रेघांची चौकट, पाच यार्डांची. खाली लिहिलंय: "दोघांतल्या एकानेच चौकट सोडून चेंडू फेकणाऱ्यावर जायचं. दुसऱ्याने चौकटीतच राहायचं. दोघे गेले तर दंड." आणि त्याखाली, अधोरेखित: "आधी ठरवा!!"

गेल्या तीन वर्षांच्या वह्यांत दुसऱ्या गोलाखाली लिहिलंय — जे. बी.

जार्विस बूकर.

१० एप्रिल, बुधवार

पाऊस. दिवसभर काही नाही.

१४ एप्रिल, रविवार

चर्चनंतर मिसेस ऑर्डवेंना त्यांचं भांडं परत दिलं. "कसे आहात?" म्हणाल्या. ठीक म्हणालो. "ठीक नसलात तरी चालतं हं," म्हणाल्या. मी म्हणालो, हो, पण ठीक आहे. मला खरंच काही होत नाही. रडू नाही, झोप लागते. फक्त उजव्या तळहातावर त्याच्या मनगटाचा दाब आहे. मी खाली ढकललं तेव्हाचा. तो वर येत होता आणि मी खाली.

२० एप्रिल, शनिवार

आठ वर्षांपूर्वी मी त्याचा एक सामना पाहिला होता. अर्धा. त्याची तेव्हाची टीम इथे टोपेकात आली होती. तिकीट त्याने पाठवलं. धुराची यंत्रं, भोंगे, एका हातात बियर आणि दुसऱ्या हातात घंटा घेतलेली माणसं. कोणीतरी सेलसला भिंतीवरून पलीकडे फेकलं. तो लोकांच्या अंगावर जाऊन पडला. लोक टाळ्या वाजवत होते, त्याच्या पाठीवर थापा मारत होते! इंजिनिअरिंगची तीन वर्षं पूर्ण केलेला माझा मुलगा.

मध्यंतराआधीच मी उठलो. रविवारी फोनवर त्याने सामन्याचा विषय काढला नाही. मीही नाही. पुन्हा तिकीट आलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

रोंडाचा फोन.

"फ्रिजमधली ती कोंबडी अजून आहे का? खरं सांगा."

"आहे."

"डॅड! सव्वा महिना झाला! टाका ती, नाहीतर मला तुम्हालाही पुरावं लागेल."  मग दोघंही हसलो. थोडंसं.

१८ मेबद्दल तिला ड्रेननने कळवलंय. "तुम्ही जायला हवं."

"मला तो खेळ कळत नाही."

"खेळ कळायला कोण सांगतंय? तुमचा मुलगा तिथे दिसायचा, तिथे जाऊन बसा."

तिला हाताबद्दल सांगणार होतो. तोंड उघडलंही. मग विचारलं, टल्साला पाऊस आहे का.

४ मे, शनिवार

अंत्यविधीच्या दिवशी जार्विस चर्चच्या आत आला नव्हता. आज एकदम आठवलं. बाकीची टीम आत होती, दोन बाकं भरून. तो बाहेर टीमच्या गाडीला टेकून उभा होता, कोट घालून, त्या वाऱ्यात. मला वाटलं, लाज वाटत असेल.

बोट कशाला दाखवलं असेल? रोज आठवतं. मरणाऱ्या माणसाकडे कोणी बोट दाखवतं का?

११ मे, शनिवार

कोंबडी टाकली. भांडं दोनदा घासलं.

१८ मे, शनिवार

गेलो.

निघालो सकाळी अकराला. सामना तीनचा, उशीर नको म्हणून कुठे थांबलो नाही. ड्रेननने दारातच गाठलं आणि पहिल्या रांगेत बसवलं, भिंतीला लागून. शेजारी एक बाई, सत्तरीच्या, गळ्यात शिट्टी, मांडीवर नाचोज. मिस व्हेल्डा म्हणतात सगळे. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बावन्नचे बाबा. हनुवटी तीच."

"हो."

"तुमचा मुलगा तीन वर्षांत सहा वेळा माझ्या मांडीवर पडलाय. सहा! माझा नवरा चाळीस वर्षांत एवढा आला नाही." मग जरा थांबून, "एकदा पडला आणि उठताना माझे नाचोज घेऊन गेला. पुढच्या सामन्याला दोन पुडे आणून दिले. 'मॅडम, व्याजासकट!'"

हे मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार?

सुरुवातीला दिवे मंद केले आणि आमच्या समोरच्या भिंतीवरचा कपडा ओढला. काळ्या गादीवर पांढरा ५२. टीम रांगेत उभी होती. भोंगे वाजवले नाहीत. मी उभा राहिलो, सगळे उभे होते म्हणून. काही वाटलं नाही. आकडा उंचीला दोन फूट, थोडा डावीकडे झुकलेला — हे मात्र दिसलं.

मग खेळ सुरू झाला. मी वहीतली चौकट शोधत होतो. गालिच्यावर ती रेघ नसतेच, मनातच धरायची असते. पण दोघे दिसले. जार्विस ४४. त्याच्या शेजारी सेलसच्या जागी एक नवा, ९.

चेंडू टाकायच्या आधी ९ नंबरने उजवा हात वर केला.

खांद्यापासून. सरळ. पंजा उघडा.

आणि जार्विसने त्याच्याकडे बोट दाखवलं. हात लांब करून.

९ पळाला. जार्विस जागेवर थांबला.

पुढच्या वेळी पुन्हा. हात. बोट. पळाला. पुढच्या वेळी पुन्हा.

मी मिस व्हेल्डांना विचारलं, ते काय करतात? आवाज एवढा होता की मला दोनदा विचारावं लागलं.

"हात? दोघांपैकी एकालाच जाता येतं ना. जाणारा हात वर करतो — मी निघालो. पंचांनाही दिसतं."

"आणि बोट?"

"ते दुसऱ्याचं. बघितलं तुला. तू जा, मागचं मी सांभाळतो. बोट दिसल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही आणि हलायचंही नाही. तुमचा मुलगा तर हात वर करून पुतळ्यासारखा उभा राहायचा! या जार्विसचं लक्ष कुठेतरी असलं की मी इथून ओरडायची — अरे बोट दाखव ना त्याला, हात दुखला त्याचा!"

मी खाली भिंतीवरच्या गादीकडे बघत राहिलो. कुठल्याशा प्लंबरची जाहिरात होती. फोन नंबर अजून पाठ आहे.

मध्यंतराला उठलो नाही. शेवटपर्यंत बसलो. जिंकले वाटतं.

सामन्यानंतर इथे खेळाडू आत जात नाहीत. गालिच्यावरच थांबतात, लोक भिंतीवरून उतरून सह्या घ्यायला जातात. मीही उतरलो. भिंत चार फूट, माझं वय एकाहत्तर. मिस व्हेल्डांनी मागून कोट धरला. जार्विसने मला येताना पाहिलं आणि हातातलं पेन खाली घेतलं. त्याच्या भोवतीचे लोक बाजूला झाले.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तोच बोलला. खाली बघत. "सर, त्या दिवशी तुम्ही मला बाहेर काढलंत ते बरोबरच केलंत."

मी माझा फोन नंबर त्याच्या पेनने त्याच्या तळव्यावर लिहिला. माझ्याजवळ कागद नव्हता. मग गाडीत जाऊन बसलो.

१९ मे, रविवार

डॉक्टर म्हणाल्या होत्या, हे पाठीच्या कण्यातून येतं, तो करत नाहीये. बरोबर असेल. अकरा सीझन, प्रत्येक सामन्यात तीस-चाळीस वेळा तो हात वर गेला. माझ्याबरोबर रस्त्यावर दोन उन्हाळे, तिथे वर जायचा तो माझा हात. त्याचा नाही.

हिशेब 'निघालो'च्या बाजूला झुकतो. पण पलंगाशी त्याच्या उजवीकडे मी होतो, आणि माझ्याशी तो माझ्याच खुणांनी बोलायचा. हेही लिहायला हवं. मोजणीत नको असलेला आकडा गाळता येत नाही.

आणि मी हात दाबला, तेव्हा जार्विसचं बोट आधीच वर होतं का? की नंतर?

चारला फोनजवळ बसलो. वाजला नाही.

२१ मे, मंगळवार

जार्विसचा फोन आला. म्हणाला, तळव्यावरचा नंबर त्याने दोन दिवस धुतला नाही, आणि लावलाही नाही. 

"सर, त्याने हात वर केला आणि मी बोट दाखवलं. विचारच केला नाही. मी त्याला जा म्हणालो. दाखवलं नसतं तर तो थांबला असता. बोट दिसल्याशिवाय तो कधीच हलायचा नाही."

साडेनऊ आठवडे मला वाटत होतं, हे ओझं मी एकटाच वाहतोय.

मी म्हणालो, सही माझी होती. दोन दहाची. हात त्यानंतरचा. हे मी तोंडाने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं.

"मग तो काय म्हणत होता, सर? तुम्ही त्याचे वडील. तुम्हाला काय वाटलं?"

रस्त्यावरच्या हाताबद्दल मी त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

"निघालो म्हणाला," मी म्हणालो. "मी पाहिलं नाही. बरं झालं, तू पाहिलंस."